सतराव्या नंबरचा संघ आणि आपली 'पात्रता'

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका चालते. पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले आणि बारावी-सीईटीची पोरं, सगळे एकाच टेबलावर. रविवारी दुपारी तिथे अभ्यास कमी आणि चर्चा जास्त असते. २८ जुलै २०२४ च्या रविवारी मात्र चर्चाही बंद होती. पाच-सहा डोकी एका मोबाईलवर झुकलेली. पॅरिस ऑलिम्पिकमधला बास्केटबॉलचा सामना सुरू होणार होता, दक्षिण सुदान विरुद्ध प्युर्तो रिको. आमच्याकडे बास्केटबॉल बघणारा मी एकटाच, पण आठ दिवसांपूर्वी याच दक्षिण सुदानने लंडनच्या सराव सामन्यात अमेरिकेला घाम फोडला होता. ती क्लिप मी सगळ्यांना पाठवली होती, म्हणून पोरं जमली होती.

सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं आणि खेळाडूंचे चेहरे बदलले. आयोजकांनी दक्षिण सुदानऐवजी सुदानचं राष्ट्रगीत लावलं होतं. ज्या राजवटीविरुद्ध त्यांच्या आईबापांनी दोन पिढ्या युद्ध केलं, ज्या देशातून ९ जुलै २०११ ला ते वेगळे झाले, त्याच देशाचं गीत! स्टेडियममधून हुर्यो सुरू झाली, गीत मध्येच थांबवलं, मग थोड्या वेळाने खरं लागलं. छातीवर हात ठेवून ती उंच उंच माणसं तशीच उभी होती.

पोरं हसली. मला हसू आलं नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर कारकुनाने धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलं होतं. आजोबांनी १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्म घेतला, घरात बुद्धवंदना होते, आणि दाखल्यावर दुसऱ्याचंच गीत वाजत होतं. वडील दुरुस्तीसाठी गेले तर त्यांना सांगितलं, "त्यानं काय फरक पडतो?" फरक काय पडतो ते ज्याचं नाव चुकतं त्यालाच कळतं.

पण हा लेख राष्ट्रगीतावर नाही. सामना सुरू झाल्यावर एका पोराने जो प्रश्न विचारला, त्यावर आहे.

हा पोरगा त्या वर्षी बारावी झालेला. सीईटीला बरे पर्सेंटाईल मिळालेले, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं चाललेलं. वडील हातगाडीवर फळं विकतात. गेले काही दिवस त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. फॉर्ममध्ये प्रवर्ग टाकायचाच नाही, 'ओपन'मधून भरायचा, मिळेल ते कॉलेज घ्यायचं. कारण विचारलं तर म्हणाला, क्लासमधली पोरं बोलतात. "तुझं काय बाबा, तुला तर मिळूनच जाईल" हे वाक्य त्याने दोन वर्षं ऐकलं होतं. मी आधी एकदा त्याच्यावर चिडलो होतो, आणि चिडून काही होत नाही हे मला कळायला हवं होतं.

मोबाईलवर कॉमेंट्री चालू होती. दक्षिण सुदान विश्वचषकात सतरावा आला होता असं त्याने मला विचारून घेतलं आणि मग म्हणाला, "भाऊ, ऑलिम्पिकमध्ये तर बाराच टीम असतात. मग सतरावी टीम आली कशी? हे कोट्यातून आले का?"

मी म्हटलं, हो. कोट्यातूनच आले.

त्याचा चेहरा पडला. मघापासून ज्यांच्यासाठी ओरडत होता ते एकदम त्याच्या नजरेत उतरले, हे मला दिसलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, स्वतःकडे बघत होता. म्हणून त्या दुपारी मी त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. त्याच्यासारखी पोरं वस्तीवस्तीत आहेत.

ऑलिम्पिकमध्ये पुरुष बास्केटबॉलच्या जागा फक्त १२. त्यातली एक यजमान देशाची. सात जागा २०२३ च्या विश्वचषकातून, पण सरसकट पहिल्या सातांना नाही. अमेरिका खंडातले पहिले दोन, युरोपातले पहिले दोन, आफ्रिकेतला पहिला, आशियातला पहिला आणि ओशनियातला पहिला. उरलेल्या चार जागांसाठी जुलै २०२४ मध्ये चार पात्रता स्पर्धा झाल्या : स्पेनमधलं व्हॅलेन्सिया, लाटव्हियातलं रीगा, ग्रीसमधलं पिराउस आणि प्युर्तो रिकोतलं सॅन हुआन. प्रत्येक ठिकाणी सहा संघ, म्हणजे २४ संघ आणि जागा चार. ही झाली 'ओपन'ची भरती.

आता गंमत बघा. विश्वचषकात लाटव्हिया पाचवा, लिथुआनिया सहावा, स्लोव्हेनिया सातवा, इटली आठवा. यातला एकही पॅरिसला पोहोचला नाही. लिथुआनियाने त्याच विश्वचषकात अमेरिकेला हरवलं होतं. स्लोव्हेनियाकडे लुका डॉन्चिच आहे, जगातल्या पहिल्या चार-पाच खेळाडूंत धरला जाणारा. युरोपच्या दोन जागा जर्मनी आणि सर्बियाने नेल्या, बाकीचे पात्रता स्पर्धेत गेले आणि हरले. आणि पॅरिसला कोण खेळलं? सतरावा दक्षिण सुदान, अठरावा फ्रान्स, एकोणिसावा जपान.

अठरावा फ्रान्स! हे नाव मी मुद्दाम सावकाश घेतलं. विश्वचषकात पहिल्याच फेरीत गारद झालेला संघ. दक्षिण सुदानच्याही खाली. तो ऑलिम्पिकला आला कारण ऑलिम्पिक त्याच्या घरी होतं. आपल्याकडे याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. ज्याचा वाडा त्याची खुर्ची. फ्रान्स कुठल्या कोट्यातून आला, असं एकाही समालोचकाने विचारलेलं मी ऐकलं नाही. जपानबद्दलही नाही. शंका येते ती नेमकी कुणाची, हे आपल्या लोकांना मी सांगायची गरज नाही.

(पुढचं आज माहीत आहे म्हणून लिहितो : त्याच अठराव्या फ्रान्सने रौप्यपदक मिळवलं, अंतिम सामन्यात अमेरिकेशी ९८-८७ असा हरला. यादीतला अठरावा म्हणजे मैदानावरचा अठरावा, हे गृहीतच किती कच्चं आहे बघा.)

पोरगा ऐकत होता पण पटलं नव्हतं. म्हणाला, "पण भाऊ, लाटव्हियावर अन्याय झालाच ना? पाचवा होता तो."

प्रश्न चांगला होता, उडवून लावण्यासारखा नव्हता. लाटव्हिया हा जेमतेम १९ लाख वस्तीचा देश. पाचवा आला, पात्रता स्पर्धा स्वतःच्या राजधानीत रीगाला खेळला आणि अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हरला. त्या प्रेक्षकांचे चेहरे मी बघितलेत, मला खरंच वाईट वाटलं. पण त्यांची जागा दक्षिण सुदानने खाल्ली का? विश्वचषकाला ३२ संघ आणि ऑलिम्पिकला १२, ही कात्री कुणी लावली? जागा बारा ठेवायच्या आणि मग पाचव्याला सांगायचं की बघ, त्या सतराव्याने तुझं ताट पळवलं. आपल्याकडे सरकारी भरती वर्षानुवर्षं काढायची नाही, काढली तर कंत्राटी, अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, आणि बेकार मराठा किंवा कुणबी पोराला सांगायचं की तुझी नोकरी त्या महाराच्या पोराने नेली. कात्री धरणारा हात कुणाला दिसतच नाही.

आणि समजा जागा सरसकट क्रमाने दिल्या असत्या तर? पहिल्या बारांत आफ्रिकेतला एकही संघ नव्हता, आशियातला नव्हता. पॅरिसमध्ये युरोप, अमेरिका खंड आणि ऑस्ट्रेलिया एवढेच खेळले असते आणि त्याला 'जागतिक' म्हटलं असतं. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये, आणि पुढे गोलमेज परिषदेत, हाच मुद्दा वेगवेगळ्या तऱ्हेने मांडला. प्रतिनिधित्व म्हणजे कुणाला घातलेली भीक नव्हे. ज्या सभागृहात देशाचा मोठा हिस्सा बसूच शकत नाही, त्या सभागृहाला देशाचं म्हणवून घेण्याचा हक्क नाही. योगायोग असा की पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन २६ जुलैला झालं. १९०२ मध्ये याच तारखेला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला होता.

पण कोटा म्हणजे आयतं ताट, हा समज काढायचा तर दक्षिण सुदान त्या एका जागेपर्यंत कसा आला ते बघावं लागेल. विश्वचषकासाठी आफ्रिकेची पात्रता फेरी नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. १६ संघ, आधी चार गट, मग दोन गट, प्रत्येकी बारा सामने, आणि शेवटी पाच जागा. नायजेरिया, सेनेगल, ट्युनिशिया असे जुने नाणावलेले संघ त्यात होते आणि तिघेही बाहेर राहिले. दक्षिण सुदानने बारापैकी अकरा सामने जिंकले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियात विश्वचषकाचं तिकीट काढलं. पात्रता फेरीत पहिल्यांदाच उतरलेला देश. या बारा सामन्यांतला एकही त्यांच्या घरी झाला नाही. होऊच शकत नव्हता, कारण देशात एकही इनडोअर कोर्ट नव्हतं. राजधानी जुबात उघड्यावर सराव, पाऊस आला की बंद.

मग विश्वचषकात आफ्रिकेचे पाच संघ होते : दक्षिण सुदान, अंगोला, इजिप्त, केप व्हर्ड, आयव्हरी कोस्ट. त्यांच्यात पहिला येईल त्यालाच ती ऑलिम्पिकची एक जागा. दक्षिण सुदानने चीन, यजमान फिलिपिन्स आणि अंगोला यांना हरवून ती मिळवली. आपल्या पोरांनीही हे लक्षात ठेवावं. राखीव जागेलासुद्धा कट ऑफ असतो, तिथेही रांग असते, आणि त्या रांगेत तुझ्यासारखेच भुकेले उभे असतात.

मी हे सांगत असताना पोराने आणखी एक हुशारी केली. गुगल करून म्हणाला, "यांचा मेन प्लेयर तर अमेरिकेचा आहे, कार्लिक जोन्स." खरं आहे. एक परदेशी जन्माचा, नागरिकत्व दिलेला खेळाडू प्रत्येक संघाला घेता येतो, आणि बरेच संघ घेतात. पण बाकीचे बघ म्हटलं. वेन्येन गॅब्रियल खार्टुममध्ये जन्मला, कुटुंब युद्धातून इजिप्तला पळालं आणि तिथून अमेरिकेला. नुनी ओमोटचा जन्म केनियातल्या निर्वासित छावणीतला. खमान मालुआच तेव्हा १७ वर्षांचा, युगांडात निर्वासित म्हणून वाढलेला. म्हणजे याच्याहून लहान! हे ऐकून तो जरा सरळ बसला.

आणि या सगळ्यांना गोळा करणारा लुओल डेंग. वाऊ गावात १९८५ ला जन्मलेला. लहानपणीच घर सोडून इजिप्तला, तिथे मानुते बोल या त्यांच्याच समाजातल्या सात फुटी एनबीए खेळाडूने त्याला आणि त्याच्या भावांना बास्केटबॉल शिकवलं. मग लंडनच्या ब्रिक्सटन भागात आश्रय, मग अमेरिका, शिकागो बुल्स, दोनदा ऑल-स्टार. २०१२ च्या ऑलिम्पिकला तो ब्रिटनकडून खेळला. पैसा, नाव, पासपोर्ट सगळं मिळालेला माणूस. तिथेच थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण खेळणं संपल्यावर त्याने दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचं अध्यक्षपद घेतलं, स्वतःच्या खिशातून हॉटेलं, विमानाची तिकिटं, भाड्याचे कोर्ट असा खर्च केला, सुरुवातीला काही काळ स्वतःच प्रशिक्षक म्हणून उभा राहिला. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल जे व्यथित होऊन बोलले ते आपण दर जयंतीला ऐकवतो. 'पे बॅक टू सोसायटी'ची बॅनरं लावतो. मी स्वतः नोकरी लागल्यावर चार वर्षं विहाराची पायरी चढलो नव्हतो, म्हणून डेंगची गोष्ट सांगताना माझाच आवाज जरा खाली गेला.

माझा आणि बास्केटबॉलचा संबंध फार मोठा नाही. वस्तीजवळच्या महापालिकेच्या मैदानात लोखंडी खांबावर एक रिंग होती, जाळी कधीच नव्हती. फुटबॉलने खेळायचो, कारण बास्केटबॉल कुणाकडे नव्हता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कॉलेजच्या संघाच्या निवडीला गेलो तर आयुष्यात पहिल्यांदा लाकडी फ्लोअर बघितला. बुटांचा कुईक-कुईक आवाज यायला लागला आणि मी घाबरलो. माझे बूट कॅनव्हासचे. चार वेळा घसरलो. सरांनी वहीत लिहिण्याआधी आडनाव विचारलं, लिहिलं, आणि शेजारच्याला म्हणाले, हे स्कॉलरशिपवाले सगळीकडे दिसतात आजकाल. निवड झाली नाही. त्या दिवशी मी खरोखरच वाईट खेळलो होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण लाकडी फ्लोअरवर दोन वर्षं खेळलेला मी कसा खेळलो असतो, ते ना त्या सरांना कळलं ना मला. 'पात्रता' मोजताना घसरणं मोजतात, बूट कुणी मोजत नाही.

खेळात हे नवीन नाही. बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात त्यांना चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. लायकी नव्हती म्हणून? पुढे १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. (बाळू नंतर १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्धच उभे राहिले, ते दुःख वेगळं.) आणि भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकला एकदाच गेला आहे, १९८० ला मॉस्कोला, तेही अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे. सगळे सामने हरला. त्याला कुणी कोट्यातला म्हणून हिणवत नाही, 'ऑलिम्पिक खेळलेला संघ' म्हणूनच सांगतात. सांगावंच. आम्ही तरी का हिणवू?

एव्हाना तिसरा क्वार्टर संपत आला होता. मी पोराला शेवटचं सांगितलं, जे आधीच सांगायला हवं होतं. प्युर्तो रिको कुठून आला माहीत आहे? सॅन हुआनच्या पात्रता स्पर्धेतून. आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम सामन्यात लिथुआनियाला हरवून. म्हणजे 'ओपन'मधून, विश्वचषकातल्या सहाव्या संघाला बाहेर काढून. विश्वचषकात याच प्युर्तो रिकोने दक्षिण सुदानला जादा वेळेत १०१-९६ असं हरवलं होतं. आता बघ.

चौथ्या क्वार्टरमध्ये कुणी काही बोललं नाही. ९०-७९. 'कोट्यातला' संघ जिंकला.

अभ्यासिकेत जो आरडाओरडा झाला त्याने खाली विहारात बसलेल्या आज्या वर आल्या. एकीने विचारलं, "इंडिया जितली का?" कुणीतरी म्हणालं, "नाही आजी, आपलेच समजा."

या एका निकालाने काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. हरले असते तरी त्यांचा हक्क तेवढाच होता. जपान तिन्ही सामने हरला, 'ओपन'वाला प्युर्तो रिकोही तिन्ही हरला. दक्षिण सुदान पुढचे दोन सामने अमेरिका आणि सर्बियाकडून हरला आणि बाद झाला. राखीव जागेवरून आलेल्याने सुवर्णपदकच आणावं, नाहीतर जागा सोडावी, ही अट फक्त आपल्यालाच का? लंडनच्या सराव सामन्यात सट्टेबाजांनी अमेरिकेला ४० हून जास्त गुणांनी विजयी धरलं होतं. मध्यंतराला दक्षिण सुदान १४ गुणांनी पुढे होता, आणि शेवटचे आठ सेकंद उरले असताना लेब्रॉन जेम्सने बास्केट केला म्हणून अमेरिका १०१-१०० अशी सुटली. तो सामना 'हरले' याच रकान्यात जाणार. जाऊ दे.

पोराला मी एक व्यवहाराची गोष्टही सांगितली, आणि ती इतरांनीही लक्षात ठेवावी. प्रवर्ग टाकला म्हणून ओपनची जागा जात नाही. गुणांत बसलास तर आधी खुल्या जागेवरच तुझा विचार होतो. तो हक्क आहे. प्रवर्ग न टाकून तू कुणाला काहीच सिद्ध करून देत नाहीस, फक्त तुझ्या मागे उभ्या असलेल्याला वाटतं की आपणही लपवायला हवं.

तो "बघतो भाऊ" म्हणाला. मी पुढे विचारलं नाही.

३१ जुलैच्या रात्री साडेबाराला अमेरिकेविरुद्धचा सामना होता. अभ्यासिका दहाला बंद होते. चावी मागायला कोण जाणार यावर अर्धा तास वाद झाला, शेवटी मलाच पाठवलं. १०३-८६ असे हरलो, पोरं टेबलावरच झोपली. सकाळी उठलो तर थोड्याच वेळात अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्याची बातमी, आणि फोन वाजायला लागले. त्यावर स्वतंत्र लिहीन.

त्याच दिवशी संध्याकाळी त्या पोराची आई विहारात भेटली. म्हणाली, "भाऊ, व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती हरवली. दुसरी कुठे भेटते?"